पाण्यात उभी असलेली वस्ती

अशा सदरांतले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचते ते बहुतेक चुका काढायला. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हात आपोआप पेन्सिलीकडे जातो — हे इथे जुळत नाही, ते तिथे सांगायचं राहिलं. भूत, करणी, अंगात येणं यातलं काही मी कधी मानलं नाही आणि आता या वयात मानायला लागेन असंही वाटत नाही. पण परवा आमच्या ह्यांनी सहज विचारलं, "तू ते मामंजींचं कधी कुणाला सांगितलंस का गं?" नव्हतं सांगितलं. म्हणून लिहिते आहे. फार रंगवून लिहिण्याची ताकद नाही, जसं घडलं तसं सांगते.

साल २०००. आम्ही देवासला राहायचो, कारखान्यांच्या मागे जी कॉलनी आहे तिथे, वरच्या मजल्यावर. हे एका कारखान्यात शिफ्ट ड्यूटीला, मी शाळेत. मुलगी इंदूरला हॉस्टेलवर. मामंजी म्हणजे माझे सासरे — धारच्या जुन्या मराठी घरांत अजून हाच शब्द आहे — सासूबाई गेल्यावर धारचं घर बंद करून आमच्याकडे आले होते. आयुष्यभर त्यांनी एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समनचं काम केलं. नकाशे काढायचे. बोलणं कमी, अक्षर मोत्यासारखं, आणि रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी सकाळी दहाला आंघोळ करून, शर्ट घालून तयार.

तयार होऊन जायचं कुठे, हा प्रश्न होता. दिवसभर घरात एकटे. मी दुपारी अडीचला घरी यायचे तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असायचे, आणि सकाळचं ताट तसंच झाकलेलं. मला खरं सांगायचं तर राग यायचा. शाळा, घर, ह्यांच्या डब्याच्या वेळा, त्यात एका माणसाला जेवायची आठवण करायची... मी दमलेली असायचे.

मुलीसाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर पडून होता. त्यात एक गेम आधीपासूनच होता. जहाज घेऊन अनोळखी किनाऱ्यावर उतरायचं, वसाहती उभारायच्या, ऊस-तंबाखू लावायचा, तिथल्या मूळ लोकांशी व्यापार करायचा किंवा लढायचं, आणि मायदेशीचा राजा कर वाढवत राहतो तो सोसायचा. सुरुवातीला सगळा नकाशा काळा असतो. जहाज पुढे जाईल तसा एकेक चौकोन उजळतो. ते उजळणं मामंजींना आवडलं. मुलीने एका रविवारी त्यांना माउस धरायला शिकवला आणि महिन्याभरात ते रोज खेळायला लागले. लढाई कधी करायचे नाहीत. वसाहतींना आपल्याकडची नावं द्यायचे — टोंकखुर्द, हाटपिपल्या, पीपलरावां. लाइट गेली की यूपीएस टीं-टीं करायचा, मग ते घाईने गेम सेव्ह करायचे. मला हायसं वाटलं होतं. जेवायला लागले होते ना.

गेममध्ये चुका होत्या. जहाज मध्येच जमिनीवर चढायचं. एकदा एका वसाहतीची लोकसंख्या शून्याच्याही खाली दिसली. मामंजी मला बोलावून दाखवायचे आणि मी भाजी चिरता चिरता हो हो म्हणायचे. पावसाळ्यात एकदा त्यांनी असंच बोलावलं.

"सुधा, ही वस्ती पाण्यात कशी?"

गेममध्ये मूळ लोकांच्या वस्त्या म्हणजे झोपड्यांचं छोटं चित्र असतं, आणि ते नेहमी जमिनीच्या चौकोनावर. हे चित्र पाण्यात होतं. दोन टेकड्यांमधून एक खाडी आत शिरली होती आणि खाडीच्या मधोमध, निळ्या चौकोनावर, झोपड्या. मामंजींनी जहाज शेजारी नेलं. एरवी अशा वेळी एक चौकट उघडते — वस्तीचे लोक काही देतात, नाहीतर रागावतात, ते त्यात लिहिलेलं असतं. इथेही चौकट उघडली, पण कोरी. खाली फक्त ओकेचं बटण.

मी म्हटलं, जुना गेम आहे, बिघडला असेल, नवा डाव सुरू करा.

नवा डाव सुरू केला की नकाशा दर वेळी वेगळा तयार होतो, हे मला मुलीने सांगितलं होतं. मामंजींनी नवा डाव मांडला. चार दिवसांनी, तेवढा भाग उजळल्यावर, तीच खाडी, तीच वस्ती. पुन्हा नवा डाव. पुन्हा तेच. मग एका रविवारी मी स्वतः बसले, दुसऱ्या देशाचं जहाज घेतलं, भलत्याच दिशेने गेले. दोन तास गेले त्यात. खाडी आली, आणि पाण्यात झोपड्या.

स्टेशनजवळच्या दुकानातून कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं, सगळे त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. त्याने बघून सांगितलं की कॉपी केलेली सीडी अशीच असते, फाइल खराब आहे. त्याने स्वतःजवळच्या सीडीवरून गेम पुन्हा टाकला. त्याच्या दुकानातल्या मशीनवर तो नीट चालत होता म्हणे. आमच्याकडे पुन्हा तेच. त्यावर तो म्हणाला, मग मशीनमध्येच काही असेल, भाभीजी, पण खेळण्यापुरता ठीक आहे ना?

मला ते पटलं होतं. आजही अर्धं पटतं.

मामंजींना नाही पटलं. एका दुपारी मी घरी आले तर त्यांनी मॉनिटरवर ट्रेसिंग पेपर चिकटवून किनारा पेन्सिलीने उतरवून घेतला होता. ते म्हणाले की हा धारच्या खाली, घाट उतरल्यावर एक तलाव बांधलाय त्याचा काठ आहे. तीसेक वर्षांपूर्वी त्याचा नकाशा त्यांनीच काढला होता. तलाव भरल्यावर जेवढी जमीन पाण्याखाली जाणार तिला आमच्याकडे सरळ डूब म्हणतात, आणि डूब कुठपर्यंत येणार ती रेघ मामंजींच्या हातची.

मी त्यांना समजावलं. गेममधला किनारा चौकोनी चौकोनी असतो, त्यात ज्याला जे बघायचं ते दिसतं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण तिथे खरंच एक वस्ती होती. इमली फलिया. भिलांची. आणि माझ्या रेघेच्या ती बाहेर आहे. कोरडी आहे. मग ही पाण्यात का दाखवतोय?"

त्यानंतर त्यांचं जेवण पुन्हा सुटलं. गेम लावायचे, वस्तीपर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे. हे म्हणाले, डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, आधी धारला नेऊन तो नकाशा दाखवून आणते, एकदाचं समाधान होऊ दे. दिवाळीच्या सुट्या होत्याच. मला त्या सुट्यांत झोपायचं होतं, हेही लिहून टाकते.

धारच्या घरी कपाटावर पत्र्याच्या नळीत त्यांच्या जुन्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या होत्या. धूळ झटकून एक काढली, जमिनीवर पसरली, चारही कोपऱ्यांवर पितळी भांडी ठेवली. इमली फलिया सापडली. निळ्या रेघेच्या बाहेर, जेमतेम, पण बाहेर. त्यांचा चेहरा मोकळा झाला. मलाही वाटलं, सुटलो. पण इतक्या लांब आलोच आहोत तर एकदा डोळ्यांनी बघू, असं त्यांनीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप केली.

तलाव काठोकाठ भरला होता. मामंजी बांधावर उभं राहून हातातल्या कागदाशी टेकड्या जुळवत होते. मग काठाने चालत एका ठिकाणी थांबले. समोर दोन टेकड्यांमध्ये पाणी आत शिरलेलं. त्या पाण्यातून चिंचेच्या वाळक्या झाडाचा शेंडा वर आलेला. झोपडी एकही नाही.

तिथे एक म्हातारा बकऱ्या चारत होता. त्याचं नाव नाहरसिंग. मामंजींनी त्याला विचारलं की इमली फलिया इथून कुठे हलली?

तो म्हणाला, "हली कहाँ, बाबूजी. वो पेड़ दिख रहा है न, उसी के नीचे है. पाँच घर थे. एक मेरा."

पहिल्याच मोठ्या पावसाळ्यात पाणी आलं, त्याने सांगितलं. रात्रीतून नाही, हळूहळू, आठवडाभर. बाकीच्या गावांना आधीच दुसरी जमीन दाखवली होती. हे पाच घरवाले कचेरीत गेले तेव्हा त्यांना नकाशा दाखवून सांगितलं गेलं की तुमची वस्ती डुबेत येतच नाही. पाणी दारात होतं, आणि कागदावर येत नव्हतं. मग जो तो जिकडे वाट मिळाली तिकडे गेला. त्याच्या आवाजात राग नव्हता. थकून गेलेल्या माणसाचा आवाज होता, मला तो ओळखीचा वाटला.

मग त्यानेच विचारलं, "आपको किसने बताया?"

मामंजींनी हातातला कागद गुंडाळला. मग म्हणाले, "नक्शे में दिखा."

धारला परतल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. नळीतली दुसरी गुंडाळी काढली, मोजणीचा मूळ कागद, ज्यावरून त्यांनी स्वच्छ नकाशा उतरवला होता. दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले आणि मला बोट ठेवून दाखवलं. जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेघा तिथे एकमेकींना खेटून होत्या. त्यातल्या योग्य रेघेवरून पेन चालवत आणताना, त्या खाडीपाशी, त्यांचा हात शेजारच्या खालच्या रेघेवर घसरला होता. पुढे पुन्हा योग्य रेघेवर आला होता. इंचभराची गोष्ट. कुणी तपासलं नाही. पाच घरं बाहेर राहिली.

"माझा हात," ते म्हणाले. एवढंच.

इथे मला थांबून एक गोष्ट नीट लिहायची आहे, कारण चुका काढणारे वाचक मलाही भेटतील. मामंजींच्या मनात कुठेतरी ती शंका आधीपासून असेल आणि गेममध्ये त्यांना तेच दिसलं असेल, हे मी शंभरदा स्वतःला सांगितलं आहे. पण पाण्यातली वस्ती मीही बघितली होती. कॉम्प्युटरवाल्यानेही. आणि तलाव भरला तेव्हा मामंजींची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झालेली होती, ते तिथे परत कधी गेले नव्हते.

देवासला आल्यावर त्यांनी गेम उघडला नाही. स्वतःच्या हाताने चार पानांचा कबुलीजबाब लिहिला, दोन्ही नकाशांच्या नकला जोडल्या, वकिलाकडून शपथपत्र करून घेतलं. मग सुरू झाल्या फेऱ्या. देवास ते इंदूर, इंदूर ते धार, बसने, उन्हातान्हात, पंचाहत्तरीचा माणूस. कचेरीतली मुलं त्यांना समजवायची की आजोबा, आता कशाला, तुमच्यावर कुणाची तक्रारसुद्धा नाही. ते म्हणायचे, म्हणूनच तर मी आलोय. कधी मी सोबत जायचे, कधी नाहरसिंग धारच्या बसस्टँडवर येऊन त्यांच्यासाठी उभा असायचा. मी खूप चिडले या काळात. एकदा म्हटलंसुद्धा की मामंजी, तुम्ही करायचं ते केलंत, आता पुरे. त्यांनी नुसती पिशवी उचलली.

चार वर्षं चाललं. २००४ च्या शेवटी तीन घरांना रस्त्याच्या बाजूला जमिनीचे पट्टे मिळाले. मुरमाड जमीन, पण नावावर. उरलेल्या दोन घरांचे लोक मजुरीला गेले ते कुठे गेले, कुणाला सापडले नाहीत. मामंजी त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले, झोपेत, शांतपणे. तेराव्याला नाहरसिंग आला होता. सोबत गवारीच्या शेंगांची पिशवी आणली होती, त्या नव्या जमिनीतल्या. जेवून गेला.

कॉम्प्युटर त्यानंतरही दोन वर्षं आमच्याकडे होता. गेम त्यात होताच. कितीदा तरी दुपारी घरात कुणी नसताना मी त्याच्यासमोर बसले, चालू केला, आणि जहाज निघायच्या आधीच बंद केला. वस्ती अजून पाण्यात दिसली असती तर ती दोन घरं कुठे असतील याचा विचार मागे लागला असता. आणि दिसली नसती तर... तर मला काय काय मानावं लागलं असतं, त्याची माझी तयारी नव्हती. शेवटी भंगारवाल्याला दिला. ह्यांनी विचारलं, एकदा बघून घेतलंस का? मी म्हटलं, नाही.

यामागे काय होतं ते मला माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, मी वाचीन. चुका काढणार नाही.