सत्कार त्याचा होता

नव्या माणसाशी तो कधी हात मिळवत नसे. हाताची मागची बाजू समोरच्याच्या मनगटाला हलकेच लावायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "हाय. अजून करंट हाय."

धंद्यानं तो वायरमन. तारेला हात लावायचाच झाला तर उलटा लावावा, म्हणजे झटका बसला तरी मूठ आवळत नाही, हे त्याचं शास्त्र. दारूची तार आपण सरळ मुठीत धरली, असं तो म्हणे. तुमच्यापैकी पुष्कळांनी त्याला पाहिलं असेल. खांद्यात शिडी अडकवून सायकल मारणारा, गणपतीत निम्म्या पेठेची रोषणाई करणारा तो माणूस.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी हायस्कूलात मराठी शिकवायचो आणि शाळा सुटली की प्यायचो. एकदा पेपरात दोन ओळींची सूचना दिसली. दारू सोडू इच्छिणाऱ्यांची सभा, दर गुरुवारी संध्याकाळी सात, शनिवार पेठेतली एक शाळा. कात्रण तीन आठवडे खिशात फिरवलं आणि शेवटी गेलो.

शाळेत सभेचा फलक नव्हता, विचारायची लाज वाटत होती. दिवा दिसला त्या वर्गात शिरून मागच्या बाकावर बसलो. सगळ्यांचे चेहरे गंभीर. पुढं उभा असलेला गृहस्थ म्हणाला, "नुसतं बसून भागायचं न्हाय. कोण पुढं येतंय, बोला!"

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी. मीच तो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात तो गृहस्थ ओरडला, "ठरलं! औंदा महापरसाद सरांच्याकडं!"

ती गल्लीतल्या गणेश मंडळाची बैठक होती.

बाहेर व्हरांड्यात येऊन घाम पुसत होतो. रोषणाईचं बोलायला आलेला हा वायरमन माझ्या मागोमाग आला. "पावणं, तुमची खोली पल्याडची."

"कशावरून?"

"मंडळाच्या बैठकीला कोण मूठभर बडीशेप चावत येत न्हाय."

आणि त्यानं हाताची उलटी बाजू माझ्या मनगटाला लावली.

पल्याडच्या खोलीत सात माणसं होती. मला वाटलं होतं सुतकी वातावरण असेल, पण ती तर हसत होती. हा वायरमनही त्यांच्यातलाच. त्या दिवशी यानं सांगितलं, "प्यालो हुतो. शिडी भितीला लावायची, ती लावली उभ्या ट्रकला. ट्रक उसाचा. निघाला की बिद्रीला! शिडी गेली कारखान्यावर, मी गटारीत." मी कित्येक महिन्यांनी हसलो, तेही शुद्धीत.

महाप्रसाद मी केला. वाढायला पल्याडच्या खोलीतले सातही जण आले. एवढे सरळ चालणारे वाढपी मंडळाला पूर्वी कधी मिळाले नव्हते.

आता जे सांगायचं ते. एका गुरुवारी आम्ही दोघं सभेतून बाहेर पडताना मंडळाचे अध्यक्ष समोर आले. "सर, हिकडं कुणीकडं?"

मी म्हणालो, "याला घेऊन येतो. सुटत नाही बिचाऱ्याची."

याची सुटून सात वर्षं झाली होती. मी शिक्षक, तो वायरमन, आणि त्याचं घर बुद्धविहारामागच्या वस्तीत हेही सगळ्यांना ठाऊक. माझं खोटं कुणाला पटवावंच लागलं नाही.

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग अध्यक्षांना म्हणाला, "व्हय की. सर लई मागं लागल्यात."

रस्त्यात मी माफी मागू लागलो. "सोडा हो," तो म्हणाला, "तुम्ही येत ऱ्हावा. माझी सुटलीया. तुमचं अजून ओलं हाय."

पुढच्या गणपतीत मंडळानं माझा सत्कार केला. फेटा, शाल, नारळ. कारण, मी एका माणसाला व्यसनातून सोडवलं! त्यानंच लावलेल्या दिव्यांखाली त्याला बोलायला उभं केलं. माइक तोंडाशी ओढून तो म्हणाला, "सरांनी एक बी गुरुवार चुकवला न्हाय." खोटं त्यात अक्षरही नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या सतरंजीवर त्याची दहा वर्षांची मुलगी बसली होती, तिनं नाही वाजवल्या. कळायला लागल्यापासून तिनं बाप प्यालेला पाहिलाच नव्हता.

मी पुन्हा प्यालो नाही. खरं सांगायचं मात्र दर वर्षी पुढं ढकलत राहिलो. तो गेला. विहारातल्या शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "सरांच्यामुळं माणूस सुधारला." तिथंही मी मान खाली घालून बसलो.

गेल्या आठवड्यात हे सगळं लिहून काढलं आणि वारणानगरला त्याच्या मुलीकडं गेलो. ती तिथं कॉलेजात शिकवते. दारातच उभी राहून तिनं वाचलं. दोनदा मोठ्यानं हसली. मग शेवटचं पान पुन्हा वाचलं.

मी विचारलं, "वडिलांचं नाव घालू का?"

"नको सर. त्या खोलीतल्या माणसाचं नाव बाहेर न्यायचं नसतं, असं पप्पा सांगायचे."

तिनं कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले.

"तुमचं घाला की."