पाटलाच्या परसातलं कोहळं

"तुमच्यात पाळत नाही हे. चिर."

असं म्हणून पाटलीणबाईंनी कोयता माझ्यासमोर मातीत टाकला. हातात दिला नाही. कोयत्याशेजारी कोहळं होतं, अख्खं, पांढरी भुकटी धरलेलं. सूर्याला ग्रहण लागायला सुरुवात झाली होती आणि मला सातवा महिना होता.

आमच्याकडे बाईमाणूस अख्खं कोहळं चिरत नाही. पुरुषानं आधी कोयता घालायचा, मग बाईनं फोडी करायच्या. पोटुशीनं तर त्याला हातही लावायचा नाही. आणि ग्रहणात पोटुशीनं कोणतीच वस्तू चिरायची नाही, सुईसुद्धा टोचायची नाही. मूल फाटक्या ओठाचं निपजतं म्हणतात. हे पाटलीणबाईंना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मी म्हटलं, "बाई, मले सातवा आहे."

"हाव, मले दिसते. मंग? तुमी तं दीक्षावाले ना? देव नाही मानत, मंग गिरानाले काहून भेते व?"

सासऱ्यानं दीक्षा घेतली होती. देव पोत्यात भरून नाल्यात सोडले होते. ग्रहण सुटताना गावात ओरडत फिरायचं आणि ओंजळभर जुन्या धान्यासाठी दारोदार पदर पसरायचा, हे आमच्या वस्तीनं त्याच वर्षी बंद केलं होतं. पाटलीणबाईंना त्याचा राग होता. पण माझ्या पोटात भीती होती. ती तशीच होती. माझं पहिलं पोट सातव्यातच गेलं होतं. भेते म्हणावं तर सासऱ्याची लाज जाते. भेत नाही म्हणावं तर चिरावं लागतं. म्हातारीनं मला बरोबर कोंडीत धरलं होतं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव शेलूबाजारच्या पुढे, सडक सोडून आत. बहात्तरच्या दुष्काळात मी पोरवयात खडी फोडली होती. नंतर सातवी झाले, लग्न झालं, या गावात आले. नवरा पाटलाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी. त्याला मालकानं सकाळी सांगितलं, बायकोले पाठव, परसात काम आहे. काय काम, हे त्यानं विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

त्या ग्रहणाचा बोभाटा महिनाभर चालला होता. खाली दक्षिणेत पूर्ण खग्रास, भर दुपारी चांदण्या दिसणार, असं रेडिओ सांगायचा. आमच्याकडे पूर्ण नव्हतं, पण बराचसा सूर्य जाणार होता. गावानं हंडे पालथे घातले. दुधात, लोणच्यात तुळशीची पानं टाकली. दुपारची एसटी रिकामी आली नि रिकामी गेली. गुरुजींनी काचांना काजळी धरून पोरांना शाळेच्या पटांगणात बोलावलं होतं. आमच्याच वस्तीतली चार पोरं गेली. बाकीच्या घरांची दारं बंद होती.

पाटलाची सूनही पोटुशी होती. पाचवा महिना. रिसोडकडची, माझ्याच वयाची, लग्नाला वर्ष झालेलं. तिला मी वहिनी म्हणायची. तिच्या पोटावर गेरू लावून तिला परसाकडच्या खोलीत खाटेवर सरळ निजवलं होतं. कूस बदलायची नाही, बोटं मोडायची नाहीत. दार बंद. खिडकीची एक फळी मात्र उघडी होती, हे मी पाहिलं, आणि नवल वाटलं. ग्रहणात खिडकी उघडी?

"तोंड इकडं करून बस," पाटलीणबाई म्हणाल्या. "खिडकीकडं."

मी बसले. कोयता उचलला. पहिला घाव घसरला. दुसरा बसला. उजेड विचित्र झाला होता, दुपार असून दुपार नसल्यासारखा. परसात चिंचेचं झाड होतं. त्याच्या पानांतून उजेडाचे तुकडे खाली पडत होते आणि प्रत्येक तुकडा विळ्यासारखा वाकडा. मातीवर, माझ्या हातांवर, कोहळ्याच्या पांढऱ्या गरावर, जिकडं पाहावं तिकडं विळे. पोटात बाळ हललं. मी थांबले.

"बारीक कर," म्हातारी म्हणाली.

मी बारीक केलं. पाटलीणबाई न्हाणीसाठी पाणी काढायला सांगत पुढच्या अंगणात गेल्या तेव्हा खिडकीतून आवाज आला. अगदी हळू.

"तुले काही नाही होणार ना व?"

वहिनी होती. मान न वळवता, आढ्याकडं पाहत बोलत होती. मी खाली मान घालून फोडी करत राहिले.

ग्रहण सुटल्यावर घरादारानं अंघोळी केल्या. मला सांगितलं, फोडी तिठ्यावर टाकून ये, मागं पाहू नको. परत आले तर पाटलीणबाईंनी ओट्यावरून एक जुनं लुगडं अंगावर फेकलं. मी ते घेतलं. हेही सांगून टाकते. घडी घालून, काखेत मारून घेऊन आले.

सासूनं लुगडं पाहिलं. विचारलं, कायचं? मी सांगितलं. सासू लुगड्यापासून मागं सरली.

"तुह्या पोटावर लोटलं व त्याईनं. सुनेचं गिरान तुह्या पोटावर लोटलं."

तेव्हा मला खिडकीची उघडी फळी समजली. तोंड इकडं करून बस, हे समजलं. त्यांच्या घरातली इडापिडा कोणाच्या तरी पोटावर जायला हवी होती, आणि गावात दुसरं पोट माझंच होतं. बैलाची दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकाव्या, तशी मी. मला राग आला होता. पण त्याहून जास्त भीती होती. सासऱ्याची दीक्षा, माझी सातवी, सगळं त्या भीतीखाली दबून गेलं. दोन महिने मी झोपेत ओठ चाचपायची. माझेच.

मुलगी झाली. दिव्याजवळ नेण्याआधी मी अंधारातच तिच्या ओठावर बोट फिरवलं. सलग होता.

मग पावसाळ्याच्या तोंडाला वहिनी बाळंत झाली. मुलगा. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला, आत टाळूलाही चीर.

आता जे लिहिते आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. बातमी कळली तेव्हा मला बरं वाटलं. थोडं नाही, पोटभर बरं वाटलं. म्हातारीनं फेकलेलं उलटं फिरलं, असं वाटलं. वस्तीतल्या बायका मला वेगळ्या नजरेनं पाहायला लागल्या. कोणी म्हणालं, "हिचा हात भारी आहे, बाप्पा." मी हसले. नाही म्हटलं नाही. ग्रहण खोटं, असं मी एकदाही म्हटलं नाही. माझ्यावर पडणार होतं तोवर ते खोटं ठरावं म्हणून तळमळत होते. त्यांच्यावर पडलं, तसं ते मला खरं वाटायला लागलं.

मी लेकीला कडेवर घेऊन मुद्दाम पाटलाच्या परसामागून जायची. नाल्यावर जायला दुसरी वाट होती. खिडकीत वहिनी दिसायची, बाळाच्या तोंडावर पदर. त्याला ओढून पिता येत नव्हतं. कापसाच्या बोळ्यानं दूध पिळायची. मला पाहिलं की तिचे हात थांबायचे. माझी पोरगी तेवढ्यात खिदळायची. मी तिचं तोंड खिडकीकडं करून धरायची.

होय, खिडकीकडं.

शेलूबाजारहून नर्सबाई यायच्या. सायकलवरून, चिखलातून. एक दिवस त्या माझ्या पोरीला टोचायला आल्या आणि दारातच बसल्या, दमून.

"तुमच्या पाटलीणबाईंनी मला उंबऱ्यावरून परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "मूल दाखवायलाही तयार नाहीत. अगं, त्याचा ओठ शिवता येतो. अकोल्याला करतात, नाहीतर नागपूरला. पोराचं वजन भरलं की लगेच न्यायला पाहिजे."

"गिरानानं झालं म्हणतात," मी म्हटलं.

"कसलं ग्रहण! ओठ पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच तयार होतात. तिला ग्रहणाच्या वेळी पाचवा होता ना? जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जातेस त्यांच्याकडं. सुनेच्या कानावर घाल. एवढंच सांग, ओठ शिवता येतो. सांगशील?"

मी म्हटलं, "सांगतो ना बाई."

नर्सबाईंची बदली झाली. मी सांगितलं नाही. रोज परसामागून जायची आणि सांगायची नाही. उद्या सांगू म्हणायची. मग उद्यासुद्धा म्हणेनाशी झाले.

पोळ्याच्या आधी मला बोलावणं आलं. तेच परस, तीच चिंच. कोहळंही आणून ठेवलेलं, शेजारी मातीत कोयता. पाटलीणबाई वाळल्या होत्या. वहिनी पहिल्यांदाच बाहेर ओट्यावर बसलेली, मांडीवर पोरगं, तोंडावर पदर.

"तू काही केलं," म्हातारी म्हणाली. "चिरताना काही म्हटलं मनात. ज्याचं होतं त्याले दे आता. अवसेले तुह्या पोरीले मांडीवर घे आन चिर. जसं आलं तसं जाईल."

मी कोहळ्याकडं पाहिलं. मग माझ्या पोरीकडं. सहा महिन्यांची पण नव्हती. तिला मांडीवर घेऊन तिच्या डोक्यावरून कोयता चालवायचा, आणि हे एक आई मला सांगत होती, दुसऱ्या आईच्या देखत. माझ्या आतली सगळी भीती तिथं जळून गेली. खरंच. इतक्या वर्षांनीही ती जागा मला आठवते, चिंचेखाली, डाव्या हाताला पाण्याचा हौद.

"मी नाही चिरत."

"काय म्हटलं?"

"नाही चिरत म्हटलं. माह्यी पोरगी तुमच्या घरचं काही घेणार नाही. मीबी नाही. ते लुगडं उद्या आणून देतो."

"सालदाराची बायको तू. मले नाही म्हणते?"

"हाव. तुमालेच म्हणून राह्यली."

कोयता मातीत पडला होता तिथंच राहू दिला. वळले. वहिनीजवळून जाताना तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. विचारणं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. ओठ शिवता येतो. तीन शब्द. पाटलीणबाईला नाही म्हणायला जी ताकद लागली, तिच्या निम्मीही लागली नसती.

मी ते गिळलं आणि निघून आले.

नवऱ्याची सालदारी गेली. दोन वर्षं जऊळक्याकडं मजुरी केली, मग परत आलो. पुढे अंगणवाडी आली, मला काम मिळालं. माझ्या नकाराची गोष्ट गावोगाव गेली. मेळाव्यांत मला उभं करायचे. पाटलीणबाईला तोंडावर नाही म्हणणारी बाई. मी कोयत्याचं सांगायची, लुगडं परत नेऊन दिल्याचं सांगायची, आणि बाया टाळ्या वाजवायच्या. जे सांगायची ते सगळं खरं होतं. फक्त अर्धं होतं. टाळ्या ऐकून घरी आले की जेवण जात नसे.

पोरगं घरात कोंडून वाढलं. शाळेत पोरांनी त्याचं बोलणं नाकातून काढून दाखवलं, म्हणून चौथीत शाळा सोडली. बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर कुठल्याशा शिबिरात त्याचा ओठ आणि टाळू शिवली. फार उशीर झाला होता, आवाज तसाच राहिला. आता तो शेलूबाजार-वाशीम जीप चालवतो. मला सडकेवर उभं पाहिलं की गाडी थांबवतो. "मावशी, समोर बसा," म्हणतो. ते म्हणताना एकेक अक्षर त्याला नाकातून ओढून काढावं लागतं. मी समोर बसते. काचेतून सरळ पाहत राहते. आरशात त्याचा ओठ दिसतो.

अत्याचार माझ्यावर झाला. यात मी तसूभर मागं हटणार नाही. माझं पोट त्यांना माणसाचं पोट वाटलं नाही. पण त्या म्हातारीनं माझ्या पोरीच्या बाबतीत जे इच्छिलं, ते मी तिच्या नातवाच्या बाबतीत चालू दिलं. तिनं ते केलं, तिचा ग्रहणावर विश्वास होता म्हणून. मला तर नर्सबाईंनी सांगितलं होतं. मला माहीत होतं.

उद्या पुन्हा मोठं ग्रहण आहे. माझी लेक पोटुशी आहे, पहिलटकरीण, माहेरी आली आहे. सासरहून निरोप आला, खोलीत कोंडून ठेवा, हलू देऊ नका. सकाळपासून ती माझ्या तोंडाकडं पाहते आहे. एकदा विचारलंही, "माय, तुले भेव नोतं लागलं?"

लागलं होतं, असं मी सांगितलं. बाकीचंही सांगितलं. तिनं हातातलं निवडण खाली ठेवलं. मग म्हणाली, "वहिनीले सांगतलं का?"

पाटलीणबाई मेल्या. वहिनी आहे. तीच खिडकी, तेच घर. उद्या ग्रहण लागायच्या आधी मी तिच्या दारात जाणार आहे, पुढच्या दारानं. उभी राहून सांगणार आहे की मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. ती काय करेल ते करेल. थुंकली तर पुसणार नाही. पोरगा घरी असला तर त्याच्यासमोर बोलणार. नसला तर जीपच्या अड्ड्यावर जाऊन बोलणार, समोरच्या सीटवर न बसता.

मग घरी येऊन लेकीला अंगणात बसवणार. ऊन असो, ढग असोत. कोहळं चिरायला तिच्या हातात कोयता मी देईन. हातात देईन, मातीत टाकणार नाही. वस्तीतल्या ज्या पोटुशींना खोलीत निजवलं असेल, त्यांची दारं एकेक करून उघडणार. आणि यापुढे ज्या मेळाव्यात मला उभं करतील, तिथं ही गोष्ट पूर्ण सांगणार, शेवटच्या तीन शब्दांसकट. टाळ्या नाही वाजल्या तरी चालेल.