दुर्बिणीखाली पास

उकंडराव पाटील मागच्या खोलीतून बाहेर आले, काचेची लहान बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्यावर रुमाल टाकला.

"लवकर पायून घे लेका. गरम हाय तवरच पायजे म्हनला होतास ना?"

मी तेव्हा मुंबईला डॉक्टरी शिकत होतो. सुट्टीत अमरावतीच्या एका डिस्पेन्सरीत मदतनीस म्हणून राहिलो होतो. आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिलाच. माझे वडील दर्यापूरकडे याच पाटलांच्या शेतात राबायचे. "पोरगं हुशार हाय, शिकू दे त्याले," असं पाटलांनीच त्यांना सांगितलं होतं. म्हणून मी पुढे शिकलो. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

डिस्पेन्सरीत एक मायक्रोस्कोप होता. एक साहेब विलायतेला परत जाताना तो मागे ठेवून गेला होता. सगळे त्याला दुर्बीण म्हणत. त्या वर्षांत वऱ्हाडात कापसाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. व्यापारी चिमूटभर कापूस घेऊन यायचे आणि तंतूचा पीळ दाखवा म्हणायचे. बाजारातला इन्स्पेक्टरही काचेखाली कापूस धरायचा. वाईट निघाला तर 'रिजेक्ट' म्हणून फेकून द्यायचा. चांगला निघाला तर काहीच बोलायचा नाही, पुढच्या गाठोड्याकडे वळायचा. तो बोलला नाही म्हणजे माल पास, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

पाटलांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. पाटलांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर लोळवून उकंडा नाव ठेवलं होतं. इतक्या जपून वाचवलेल्या मुलाचा वंश बुडतो की काय, हा म्हातारीचा, म्हणजे पाटलांच्या आईचा, घोर. तिने अचलपूरकडची एक मुलगी पाहून ठेवली होती. वैशाखात लग्न. मग तुळसावहिनींचं, म्हणजे पाटलीणबाईंचं, काय होणार ते सगळ्यांना कळत होतं. त्यांना माहेरी पाठवणार.

वहिनींनी एकच गोष्ट मागितली. "कापूस दुर्बिनीत पायता, तं सोताचं बी पायून घ्या. मंग आना दुसरी."

पाटील हसत हसत आले होते. "बाईची समजूत काढाची, बाकी काय. माह्यात काय कमी हाय? गडी हाय मी पुरा."

इथे थोडं समजावून सांगतो. आमच्याकडे मानतात की बाई म्हणजे जमीन आणि पुरुषाचं वीर्य म्हणजे बी. पीक आलं नाही तर जमीन नापीक. पण हा हिशेबच चुकीचा आहे. सरकी हे अख्खं बी असतं, त्याच्यात रोप तयारच असतं. वीर्य तसं नाही. ते फुलातल्या परागासारखं आहे, अर्धंच. उरलेलं अर्धं बाईकडे असतं. तिच्या पोटात दोन बीजकोश असतात आणि त्यांत बारीक बीजं पिकतात. पुरुषाच्या वीर्यात शेपटीचे, सतत हलणारे लाखो सूक्ष्म जीव असतात. त्यांतला एक त्या बीजाला जाऊन मिळाला की गर्भ सुरू होतो. दोघांतलं एक नसलं तर काहीच होत नाही. बीज नेमकं कोणत्या दिवशी सुटतं, याबद्दल आमच्या पुस्तकांतच एकमत नव्हतं. सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी, हे तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आणि पुरुषाच्या अंगात जोर आहे, त्याला सगळं जमतं, म्हणजे त्याच्या वीर्यात ते जीव असतीलच, असंही नाही. नुसत्या डोळ्यांना जीव असलेलं आणि नसलेलं वीर्य सारखंच दिसतं. काचेखाली धरल्याशिवाय कळत नाही.

मी काचेवर थेंब घेतला आणि डोळा लावला. मुंबईला मी हे पाहिलेलं होतं. एखाद्या डबक्यात मासोळ्यांची पिल्लं वळवळावीत तसं दिसतं. इथे काही नव्हतं. काच सरकवली, दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. वीर्य थंड झालं तर ते जीव हलायचे थांबतात, पण पडलेले तरी दिसतात. इथे मेलेलाही एक नव्हता.

"पाटील, लहानपणी काही मोठं दुखणं?"

"लग्नाच्या आदल्या वर्सी गालगुंड झाले होते. खाली बी उतरले. हे एवढं सुजलं. पंधरा दिस बाजेवर होतो." मग माझ्याकडे पाहून, "काहून? काय दिसून राह्यलं?"

गालगुंड असं वृषणांत उतरलं तर ते जीव कायमचे बंद होऊ शकतात, हे मी शिकलो होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर वडील आले, त्या माणसासमोर पागोटं सावरत उभे असलेले.

"पुन्हा एकदा पाहावं लागेल," मी म्हणालो. "आठ दिवसांनी या."

"पन आज खराब तं नाई ना निघालं?"

मी काच पुसत राहिलो. मी काहीच बोललो नाही.

पाटलांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला आणि गेले.

आमचे डॉक्टरसाहेब अचलपूरचे मुसलमान, देवीची लस टोचायच्या दौऱ्यावर होते. संध्याकाळी आले तेव्हा मी सगळं सांगितलं.

"मग पाटलाले सांगितलं?"

"पुन्हा बोलावलंय."

"काहून? आठ दिवसांत काचेवर काई उगवनार हाय?" ते रागावले नव्हते. "बेटा, मरीज तुझा, बात तुझी. उद्या जा आनि साफ सांगून ये."

मी जातो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गर्दी होती. तिसऱ्या दिवशी पत्र लिहायला घेतलं, मायन्याच्या पुढे सरकलं नाही. पाटील काही परत आले नाहीत. मग सुट्टी संपली आणि मी मुंबईला गेलो.

पुढच्या सुट्टीत कळलं. पाटलांनी चावडीवर सांगितलं होतं, "डॉक्टरच्या दुर्बिनीखाली पास झालो मी. आता बोला." वैशाखात लग्न झालं. तुळसावहिनींना चांदूर बाजारला भावाकडे पोचवलं. त्यांची शेवटची मागणीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली होती, आणि तो पुरावा मी दिला होता.

तरीही मी गप्प बसलो. वाटलं, आता काय उपयोग. आणखी दोन वर्षं गेली. धाकटीला, म्हणजे पाटलांच्या नव्या बायकोलाही, मूल झालं नाही. तेव्हा मी चांदूर बाजारला गेलो.

वहिनी अंगणात चरखीवर सरकी काढत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चरखी थांबली.

"म्हंजे माह्यात नव्हतं काई?"

"तुमच्यात दोष असल्याचं काही दिसलेलं नाही. त्यांच्यात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं."

"सोळा सोमवार केले मी. पिंपळाले फेऱ्या मारल्या. एका बुवानं पोटावर डाग देल्ला, तो हाय अजून." त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. "तवा काहून नाई बोलले, महादेवभाऊ?"

"भ्यालो."

त्यांनी मान हलवली, जसं काही पेरणी का लांबली ते कळलं. मग म्हणाल्या, "आता मले सांगून काय होते? धाकटीच्या मांगं लागले असतीन सारे. जा, सासूले सांगा. त्यायले नोका सांगू, ते आयकत नाईत. म्हातारीले सांगा."

मी त्याच दिवशी दर्यापूरकडे निघालो. म्हातारीने सगळं ऐकलं. फक्त एकच विचारलं, "त्या गालगुंडाच्या वक्ती झालं का हे?" मी हो म्हणालो. "तवा मीच शेकत बसली होती त्याले," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून घेतला.

म्हातारी तिसरी मुलगी पाहत होती, ते थांबलं. धाकटीला कुणी माहेरी पाठवलं नाही. तुळसावहिनी परत गेल्या नाहीत. बोलावणं आलं होतं, असं ऐकलं.

आता मी काचेवरून डोळा उचलण्याआधी जे दिसलं ते कागदावर लिहितो, आणि समोरच्याला वाचून दाखवतो. आमच्या भागात तपासणारा गप्प राहिला तर माल पास होतो, हे मला आता विसरता येत नाही.