मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी

वलवणला धरणाच्या अलीकडे एक हॉस्पिस आहे. ज्यांच्या आजारावर आता उपाय उरलेला नाही, त्यांना तिथे फार दुखू न देता सांभाळतात. माझी बायको तिथेच गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात हॉस्पिससाठी पैसे जमवणारी मॅरेथॉन फाटकावरून गेली होती. ज्यांना बसवत होतं ते पेशंट खुर्च्या टाकून धावणाऱ्यांना मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी देत होते. बायकोही देत होती. एरवी सगळे तिलाच काही ना काही देत. त्या सकाळी ती देणारी होती.

यंदा मी नाव नोंदवलं ते त्या फाटकावरून जाण्यासाठी.

लोणावळ्यात सुरुवातीच्या कमानीशी नकाशा लावला होता. रस्ता हॉस्पिसच्या अलीकडेच वळवलेला. आयोजक बाईंना मी कारण विचारलं.

"सर, मागच्या वेळी काही रनर्सना रडू आलं. मूड जातो हो. फोटोही नीट येत नाहीत."

"तिथे माणसं वाट बघत बसतील. त्यांना कळवलंय?"

"कळवलं असेल कुणीतरी. हे सगळं त्यांच्यासाठीच तर चाललंय ना, सर."

मी वाद घालणारा माणूस नाही. पण पळताना अंगावरचा, हॉस्पिसचं नाव छापलेला टी-शर्ट टोचत होता. छातीवर ज्यांचं नाव छापायचं, तीच माणसं यांना वाटेत नको होती.

वळणावरच्या स्वयंसेवकाने शिट्टी वाजवली. "काका, उजवीकडं! सरळ गेलात तर मेडल न्हाई मिळायचं."

मी सरळ गेलो.

फाटकापाशी खुर्च्या मांडलेल्या होत्या. कुणी काही कळवलं नव्हतं. पहिल्या खुर्चीत शाल गुंडाळलेले एक आबा, मांडीवर फोडींचं ताट.

"एकलाच? बाकीचे कुटं सांडले?"

"त्यांचा रस्ता बदलला, आबा."

"आमाला बगून?"

आबांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली, मग अख्खं ताटच पुढे केलं. "त्यास्नी नेऊन दे. लय सकाळी उठून चिरल्यात म्हणावं."

ताट घेऊन पळता येत नाही. मी चालत परतलो तेव्हा मांडव उतरवत होते. त्याच बाई समोर आल्या.

"वलवणहून पाठवल्यात," मी म्हणालो.

त्यांनी ताट कुठे ठेवता येईल म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी एक फोड उचलून तोंडात घालेपर्यंत मी ताट त्यांच्यासमोरून हलवलं नाही.