उपाशी वाकळ

वाकळ शिवावी तर द्वारकाकाकूंनीच. आमच्या सास्तुरात त्यांचा टाका कुणीबी वळखंल. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडंनं धावदोरा घालत मधी यायचं, आन् शेवटचा कोपरा मिटायच्या आधी आत चिमूटभर ज्वारी ठिवायची. "वाकळीचं पोट रिकामं ठिवू न्हाय गं शिवकन्ये, उपाशी वाकळ ऊब देत न्हाय," म्हणायच्या. त्यांच्या आईची रीत ती.

काका गेल्यावर पोरगं मागं लागलं, घराला कुलूप लावा आन् पुण्याला चला. तिथं सुनंचा तोरा कसा हाय ते आख्ख्या गल्लीला म्हाईत. काकूंना आपल्या घरात, आपल्या हातचं खाऊन ऱ्हायचं होतं. म्हणून म्या माझ्या फोनवर त्यांचं ऑनलाइन दुकान काढून दिलं. तर काय, वाकळी पार दिल्लीला जायला लागल्या! पुण्याचं नावच निघंना घरात.

दिवाळीनंतर एक वाकळ परत आली. आणणाऱ्या माणसाला काकूंनी चहा पाजला, सही केली, त्यो गेल्यावर पार्सल सोडलं. आत मशीनवर शिवलेली कुठली तरी विटकी, कुबट गोधडी! कुण्या भवानीनं काकूंची वाकळ ठिवून घेतली, पैसेबी परत घेतले, आन् वर तक्रार केली की ह्या बाई वापरलेला माल इकतात. माझ्या अंगाची नुसती लाही झाली.

कंपनीनं इचारलं, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय? व्हिडिओ कसला काढताव! दारात आलेल्या माणसासमोर कॅमेरा धरून पार्सल फोडायचं म्हंजे त्यालाच चोर म्हणायचं. आमच्याकडं न्हाय असलं. ते म्हणले, मग दुसरा पुरावा द्या, न्हायतर दुकान बंद होईल.

दोन दिवसांनी तिथल्या सायबाचा फोन आला. मराठी बोलणारा, गोड आवाजाचा. काकूंनी माझ्या हातातनं फोनच घेतला.

"साहेब, ही माजी न्हाय. म्या कोपरा उसवून बघितला, आत ज्वारीचा दाणा न्हाय. माज्या वाकळीत असतोच."

"म्हणजे तुम्ही मालात धान्य घालता, आजी?"

"व्हय की!"

"प्रत्येक गोधडीत?"

"एकबी उपाशी जात न्हाय, साहेब," काकू म्हणल्या. तोंडावर काय हसू होतं! म्या त्यांचा हात दाबला, पर बोलून गेल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. मालात खाण्याची वस्तू घालणं नियमाबाहेर हाय, दुकान कायमचं बंद. त्या भवानीबद्दल एक अक्षर न्हाय. म्या लई फोन केले, लई भांडले. शेवटी त्यांनी उचलायचंच सोडलं. आग लागो त्यांच्या नियमाला!

काल पोरगं गाडी घेऊन न्यायला आलं. सामान भरून झालं तरी काकू वसरीवर बसून माझ्या नातवाची वाकळ पुरी करत होत्या. शेवटचा कोपरा आला. म्या पळत घरातनं मूठभर ज्वारी आणली आन् त्यांच्याम्होरं धरली. त्यांनी मान वर केली न्हाय. रिकामाच कोपरा मिटला.

"काकू, आवं ज्वारी..."

"नगं बाई. नियमात बसत न्हाय," म्हणल्या, आन् दातानं दोरा तोडला.