वहिनींचं वजन

मास्तरांच्या कानाचा पडदा दुसऱ्यांदा फाटला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पाण्याखाली जायची कायमची बंदी केली. उभा जन्म त्यांनी लोकांना डायव्हिंग शिकवण्यात घालवला होता, म्हणून तर सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आता ते धक्क्यावरच्या ज्या दुकानातून शिकवायचे त्याच दुकानात, मागच्या खोलीत, पाण्याखाली पाठीवर न्यायच्या टाक्यांमध्ये हवा भरायला बसले. दिवसभर कॉम्प्रेसर धडधडायचा आणि मास्तर त्याच्यावर डाफरायचे.

घरी मात्र त्यांची दातखीळ बसली. पूर्वी जेवताना त्यांच्या तोंडाला खळ नसायची. कुठल्या खडकाखाली ऑक्टोपसने बिऱ्हाड केलंय, कुठला मासा आज अंगावर धावून आला, सगळं साग्रसंगीत. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, शिवणकाम करायच्या. दुकानातले पाण्यात घालायचे उसवलेले सूटही त्याच शिवून द्यायच्या. पण स्वतः कधी गुडघाभर पाण्यापलीकडे गेल्या नव्हत्या. घरातली ही शांतता त्यांना सोसेना. एका दुपारी सूट परत करायला गेल्या आणि दुकानाच्या मालकिणीला म्हणाल्या, "मला शिकवाल का? खालच्या बातम्या आणायला आमच्या घरात आता कुणी उरलं नाही."

"पोहता येतं?"

"येतं थोडंफार. तरंगायला तर शिकावंच लागलं नाही."

मास्तर मागून बाहेर आले. "अगं, तुला जिना उतरताना कठडा लागतो."

"समुद्रात जिना नसतो," वहिनी म्हणाल्या.

मालकिणीने त्यांना आधी तरणतलावात शिकवलं, तिथे सगळं झकास झालं. खरी फजिती समुद्रात झाली. पहिल्या दिवशी खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायचा वजनाचा पट्टा मास्तरांनी स्वतः भरला. वहिनी अंगाने भरलेल्या, बायको बुचासारखी वर आली तर काय, या धसक्याने ते शिशाचे तुकडे ओवतच गेले. वहिनी पाण्यात उतरल्या त्या थेट वाळूत जाऊन बसल्या. अंगातल्या फुगवायच्या जॅकेटमध्ये हवा भरून जरा उचलल्या, तर थोडं वर येताच पाण्याचा दाब कमी होऊन ती हवा फुगली आणि त्या आणखी वर निघाल्या. हवा सोडली, की पुन्हा वाळूत. या वरखाली करण्यात दम लागून टाकी बघता बघता संपत आली आणि दिसली ती नुसती गढूळ वाळू.

वर येताच त्या म्हणाल्या, "तुम्ही मला बुडवायला निघाला होता की काय?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी रागारागाने पट्ट्यातलं निम्मं शिसं काढून टाकलं. सुरुवात छान झाली. पण टाकी होती अ‍ॅल्युमिनियमची. भरलेली असताना ती जड असते, आतली हवा संपत आली की मात्र स्वतःच तरंगायला बघते. परतताना अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून पृष्ठभागाच्या जरा खाली थोडं थांबायचं असतं, तिथे वहिनींना थांबताच येईना. मालकिणीने त्यांचा पाय धरून ठेवला म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी दोघं नवराबायको टाक्यांच्या खोलीत बसले.

"मी घाबरलो होतो," मास्तर म्हणाले. "वजनाचं मी लोकांना इतकी वर्षं शिकवलं, आणि तुझ्या वेळी डोकंच चाललं नाही."

"मग आता चालवा."

मग मास्तर रीतसर शिकवायला बसले. इथलं पाणी कोमट, सूट पातळ. जाड सूट जसा वर ओढतो तसा हा ओढत नाही, म्हणून शिसंही कमीच लागतं. पण वजन ठरवायचं ते टाकी रिकामी होत आली असताना. जॅकेट रिकामं, श्वास नेहमीसारखा घेतलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत. श्वास सोडला की हळूच खाली जायला हवं. टाकीचंही त्यांनीच सुचवलं. वहिनी ठेंगण्या, लांब अ‍ॅल्युमिनियमची टाकी त्यांच्या पार्श्वभागावर आदळायची. स्टीलची टाकी आखूड, शिवाय रिकामी झाली तरी तरंगत नाही. तेवढं शिसं पट्ट्यातून कमी.

सकाळी धक्क्याशेजारच्या उथळ पाण्यात वहिनी स्टीलची, जवळजवळ रिकामी टाकी लावून उभ्या तरंगून बघू लागल्या; शिसं जास्त, म्हणून आधी डोकंच पाण्याखाली जायचं. मास्तर काठावरून सांगायचे, "अजून एक काढ." वहिनी एकेक तुकडा मालकिणीच्या हातात द्यायच्या. पाणी डोळ्यांपाशी टेकलं तेव्हा मास्तर म्हणाले, "बास."

भरलेली टाकी घेऊन त्या खाली गेल्या आणि खडकासमोर चक्क अधांतरी थांबल्या. हात मारायला नको, जॅकेटमध्ये एकदा चिमूटभर हवा घातली की पुन्हा खटपट नको. श्वास घेतला की बोटभर वर, सोडला की बोटभर खाली. इतकं हलकं आपल्याला कधीच वाटलं नव्हतं, असं नंतर त्या मालकिणीला म्हणाल्या.

वर्षभरात दुकानात त्यांना एक कामच मिळालं. कुणी भेदरलेलं, वयस्कर गिऱ्हाईक आलं की मालकीण त्याला पहिल्यांदा वहिनींकडे धाडते. पट्टा त्याच भरून देतात, आणि शिसं ओवताना हात अगदी आखडता घेतात.

रोज जेवताना आता वहिनी खालच्या बातम्या सांगतात. मास्तर मध्येच अडवतात, "काळा पट्टा शेपटीवर होता? मग तो मासा तू म्हणतेस तो नव्हेच."

"तुम्ही होतात का तिथे?"

मास्तर हसतात, ताट पुढे सरकवतात आणि म्हणतात, "बरं, मग पुढे काय झालं?"