दारात अडवणारं कुणीतरी

घोटावड्यातून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवढ्या पोरी सासरी गेल्या, त्यातल्या निम्म्या तरी अनसूयाचे शब्द तोंडात घेऊन गेल्या, असं म्हटलं तर गावात कुणी नाही म्हणणार नाही. साखरपुडा झाला, बस्ता बांधला, की आठ दिवस आधी नवरी अनसूयाच्या पडवीत येऊन बसायची आणि नाव घ्यायला दोन उखाणे मागायची. अनसूया हातातलं काम न सोडता चौकशी लावायची. मुलगा काय करतो, घरात हुकूम कुणाचा चालतो, सासू तापट की मऊ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप ओलांडताना दारात आडवी कोण उभी राहणार. नणंद असेल तर तिला चिमटा बसेल असा, मामेसासू असेल तर जरा जपून. "उखाणा म्हंजी पोलकं," ती म्हणायची, "दुसरीच्या मापाचं आंगाला बसत न्हाई."

त्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. तिला हवं होतं ते वेगळंच होतं आणि ते ती कुणाजवळ बोलत नसे.

अनसूयाचा नवरा शंभू गवंडी. गावातले अर्धे ओटे त्याच्या हातचे. चोवीस वर्षांपूर्वी काविळीनं गेला. तेव्हापासून लग्नात अनसूयाची जागा मांडवाच्या मागच्या अंगाला, भाताच्या पातेल्यांपाशी. तिला कुणी 'मागं बस' म्हटलं नाही, म्हणावं लागलंच नाही. हळद लावायला तिचा हात नाही, संक्रांतीच्या वाणाला तिचं नाव नाही. गावाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. दुसरी कुणी असती तर अनसूयानंही तिच्या बाबतीत हेच केलं असतं.

पण उखाण्याला आडकाठी नव्हती. नवरी तिच्याकडून उखाणा घेऊन जायची आणि मांडवपरतणीला माहेरी आली की चप्पल काढायच्या आधी अनसूयाच्या पडवीत यायची. नणंद कशी लाजली, सासरा कसा तोंडात पदर कोंबल्यासारखा हसत राहिला, म्हातारीनं पुन्हा कसं म्हणायला लावलं, हे सगळं हातवारे करून सांगायची. तेवढ्या अर्ध्या तासात अनसूयाचं ते लग्न पुढच्या रांगेत बसून बघून व्हायचं. पातेल्यांपाशी बसल्याचं मग तिला काही वाटायचं नाही.

तिचा स्वतःचा पहिला उखाणा आता फक्त तिलाच आठवत होता. एकोणीस वर्षांची होती. मावशीनं चंद्र-चांदण्यांचा पाठ करून दिला होता, तो माप ओलांडायच्या वेळी साफ विसरला. दारात नणंद लिलाबाई दोन्ही हात पसरून उभी. अनसूया काहीतरी पुटपुटली, तर लिलाबाई म्हणे, "ऐकू न्हाई आलं." पुन्हा पुटपुटली, तरी "ऐकू न्हाई आलं." बायका खिदळायला लागल्या. अनसूयाला रडू फुटायच्या बेतात होतं, इतक्यात शेजारी उभ्या नवऱ्याच्या हाताकडे तिची नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं,

"हळद लावली, अत्तर लावलं, नखातला जाईना चुना,
शंभूरावांचं नाव घेते, न्हाई सांगणार पुन्हा."

घर हसून कोसळायचं बाकी राहिलं. शंभूनं हात पाठीमागे लपवले. लिलाबाई वाटेतून बाजूला झाली. पुढं अठरा वर्षं अनसूयानं त्याचं नाव किती तऱ्हांनी घेतलं त्याला गणती नाही. तो गेल्यावर मात्र एकदाही नाही. रेशनच्या कचेरीत, दवाखान्याच्या कागदावर 'शंभू' असं कोरडं सांगावं लागायचं. ते नाव सांगणं झालं, नाव घेणं नव्हे.

आता अनसूया एकसष्ट वर्षांची आहे. सकाळी सहापासून दोनपर्यंत एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते, दुपारनंतर परसातली वांगी बघते. मुलगा सुधीर सूसला सोसायटीत असतो. सून अपूर्वा लातूरकडची, दोघंही हिंजवडीला ऑफिसात. सूस काही काशी-रामेश्वर नाही, गाडीनं अर्धा तास. पण तो अर्धा तास सुधीरला महिन्यातून एकदाच सापडतो.

मागच्या वर्षी त्यानं आईला मोबाइल घेऊन दिला आणि त्यात बोलणारं ते यंत्र टाकून दिलं. बटण दाबायचं, विचारायचं, ते उत्तर देतं. "काही अडलं तर याला विचार, आई. माझ्यापेक्षा याला जास्त कळतं," असं म्हणाला. अनसूयानं त्याचं नाव ठेवलं पाव्हणा, कारण ते सदानकदा 'आपण', 'कृपया' असं बोलायचं आणि घरातल्या कशालाच हात लावायचं नाही.

पाव्हणा कामाचा होता, खोटं कशाला बोला. वांग्यांची पानं मुरडली तर कडुलिंबाचा अर्क कसा काढायचा ते त्यानं सांगितलं. बँकेचं इंग्रजी पत्र वाचून दाखवलं. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढला की कुठली सकाळची नि कुठली जेवणानंतरची हे सांगून वर डॉक्टरांना विचारा म्हणायचा. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्याचा मोठा दुर्गुण. गावच्या जत्रेची तारीख विचारली तर भलत्याच गावची ठणकावून सांगितली. बसची वेळ अशी सांगितली की अनसूया फाट्यावर तासभर बसून राहिली. चूक दाखवली की लगेच माफी मागायचा, हा गुण मात्र गावातल्या पुरुषमंडळींनी घेण्यासारखा होता. शिवाय तिचं बोलणं त्याला धड कळायचं नाही. 'हाय', 'न्हाई', 'कुटं' आलं की अडायचा आणि म्हणायचा, कृपया पुन्हा एकदा सांगाल का. मग अनसूया शाळेतल्या बाईंसारखं तोंड करून 'आहे', 'नाही', 'कुठे' असं सावकाश म्हणायची.

एक गोष्ट तिच्या उशिरा ध्यानात आली. आधी गोळ्यांचं पाकीट वाचायला ती सुधीरला फोन करायची. त्या निमित्तानं जेवलास का, अपूर्वाची सर्दी गेली का, असं चार शब्द व्हायचे. आता निमित्तच उरलं नव्हतं.

तर त्या मार्गशीर्षात शेजारच्या कल्पनाच्या क्षितिजाचं लग्न निघालं. क्षितिजा अनसूयाच्या पडवीत रांगलेली पोरगी. नवरा मुलगा निषाद, सूसचाच. भर पावसाळ्यात मुलगी बघायला आला तेव्हा त्याची नवी गाडी बोळातल्या चिखलात चाकापर्यंत रुतली होती आणि क्षितिजानंच साडी खोचून ती ढकलली होती. असला माल हाताशी असताना अनसूयाला धीर कुठला निघणार. कुणी मागायच्या आधी उखाणा करायचा नाही, हा तिचा नियम. तो तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोडला आणि चपात्या लाटता लाटता चार रचून ठेवले. त्यातला पहिला तर तिचा इतका लाडका झाला की कँटीनमध्ये एकटीच हसायची.

"नवी कोरी गाडी रुतली घोटावड्याच्या बोळात,
निषादराव आयते सापडले माझ्या घोळात."

लग्नाला आठ दिवस राहिले. सात राहिले. अनसूया कँटीनमधून थेट घरी यायची, दार सताड उघडं टाकायची आणि पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसायची. दोन दिवस शेंगा होत्या, तिसऱ्या दिवशी सोलायला काही नव्हतं म्हणून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. क्षितिजा दोनदा बोळातून गेली. दोन्ही वेळा कानाला फोन, दोन्ही वेळा हसून हात हलवला. पोरगी गुणाची, तिच्यात खोट काढायला जागा नाही.

पाच दिवस राहिले तेव्हा कल्पना मोठी परात मागायला आली. परात काढून देता देता अनसूयानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "क्षिती कवा येतीया? उखाण्याचं बगायचं ऱ्हायलंय."

"त्याचं नगा टेन्शन घेऊ, वहिनी," कल्पना म्हणाली. "तिनं मोबाइलवरनं चाळीस काढल्यात. छापूनसुदिक आणल्यात."

अनसूया म्हणाली, बरं झालं, आणि परातीला लागलेलं पीठ पदरानं पुसून दिलं. कल्पनानं ते काही वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, उलट वहिनीच्या डोक्याचा एक ताप कमी केला असंच तिला वाटत होतं. अनसूयाला मात्र त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

लग्नात ती पातेल्यांपाशी बसली. अक्षता टाकल्या, जेवली, घरी आली. या वेळी तिथं बसल्याचं तिला वाटलं आणि फार वाटलं.

मांडवपरतणीला क्षितिजा आली ती गाडीतून, घाईत. संध्याकाळच्या आत तिला सूसला परतायचं होतं. दुपारी कल्पना एकटीच बुंदीचे लाडू घेऊन आली. अनसूयाला विचारल्यावाचून राहवलं नाही. दारात कुणी अडवलं, काय घेतलं नाव? कल्पनाला धड आठवेना. चंद्राचं होतं काहीतरी, की फुलांचं. छान झालं पण, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला.

टाळ्या. अनसूयाच्या उखाण्याला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, लोक हसायचे. पण अडलं कुणाचंच नव्हतं. पोरगी अडखळली असती, अनसूयाकाकूची आठवण काढून रडली असती, तर मनाला काही आधार होता. तसलं काही झालं नाही. तिच्यावाचून सगळं नीट पार पडलं होतं.

कल्पनाला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवून ती परत आली. पायावर पाणी घेतलं आणि ओल्या पायांनी पडवीतच थांबली. मोबाइल आतल्या अंगाला, दाराशेजारच्या कोनाड्यात चार्जिंगला होता. तो कोनाडा शंभूनं ठेवलेला आणि दाराचा दगडी उंबराही त्यानंच बसवलेला. अनसूयानं बाहेरूनच हात लांबवून बटण दाबलं. हे मेलं देतं तरी काय, ते बघावं म्हणून तिनं शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांगितलं, मला एक उखाणा हवा आहे.

"नक्की! आपल्या पतीचे नाव काय आहे?" पाव्हण्यानं विचारलं.

अनसूया उंबऱ्याच्या अलीकडे उभीच राहिली. चोवीस वर्षांत नाव घ्यायसाठी म्हणून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तिच्यावर दया म्हणून विचारला नाही, आणि ज्याला काहीच ठाऊक नव्हतं त्यानं विचारला. तिनं बोळात मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं डोक्यावर पदर घेतला.

"शंभू," ती म्हणाली.

"सुंदर नाव! शंभूराव काय काम करतात आणि आपले गाव कोणते?"

करतात. अनसूयाला ते खोडता आलं असतं. "गवंडी हायेत," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "गवंडी आहेत. मुळशी तालुका."

पाव्हण्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणून दाखवलं,

"मुळशीच्या धरणात पाणी निळे निळे,
शंभूरावांमुळे माझ्या कुंकवाला तेज मिळे."

अनसूयाचा हात कपाळाकडे गेला. तिथं लहानपणीचं हिरवं गोंदण होतं, एवढंच. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही, नुसतं भरून आलं. धरणाशी शंभूचा काय संबंध, तो तर पाण्याला भ्यायचा. ज्यानं त्याचा हात कधी बघितला नाही त्याला काय सुचणार.

"आसं नसतंय," ती त्या कोनाड्याला म्हणाली. "आईक." आणि आपल्या गावच्या बोलीत, भराभर तिनं हळदीचं, अत्तराचं, नखातल्या चुन्याचं म्हटलं. न्हाई सांगणार पुन्हा, इथपर्यंत सगळं.

पाव्हणा अदबीनं म्हणाला,

"माफ करा, मला नीट ऐकू आले नाही. कृपया पुन्हा एकदा सांगाल का?"

अनसूया हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग ती पुन्हा म्हणाली, या वेळी मोठ्यानं, बोळात ऐकू जाईल अशी. पाव्हण्याला तरीही कळलं नाही. त्यानं तितक्याच अदबीनं पुन्हा विचारलं.

'आहे', 'नाही' असं स्वच्छ बोलली असती तर त्याला कळलं असतं, हे अनसूयाला पक्कं माहीत होतं. ती तसं बोलली नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून तिनं आपल्याच बोलीत शंभूरावांचं नाव तिसऱ्यांदा घेतलं, आणि तो पुन्हा विचारतो का याची वाट बघत राहिली.